बिब्बा कुणाला उततो?

लातूरच्या गंजगोलाईत डिंकाच्या लाडवांसाठी गोडंबी घेताना ती बिब्ब्याच्या पोटातून कशी निघते, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. दगडावर बिब्बा धरायचा आणि दुसऱ्या दगडाने बेताचा घाव घालायचा. घाव चुकला की सालीतलं काळं तेल उडतं. हातावर पडलं तर कातडी काळवंडते, फोड येतात. डोळ्यात गेलं तर पापण्या सुजून मिटतात. किनवट-माहूरच्या रानात बिब्ब्याची झाडं आहेत, त्यामुळे नांदेडकरांना हे काही नवं नाही.

चरकाने भल्लातकाला, म्हणजे बिब्ब्याला, अग्नीसारखा तीक्ष्ण म्हटलं, आणि विधीने घेतला तर अमृतासारखाही. वैद्य बिब्बे विटेच्या भुकटीत घोळवून तेल काढून टाकत. म्हणजे दोष तेलात आहे, एवढं पक्कं ठाऊक होतं. कोडं उरलं ते वेगळंच. टाचेच्या भेगेला बिब्ब्याचा चटका दिला तर एकाला काहीच होत नाही, त्याच घरातल्या दुसऱ्याला मात्र बिब्बा उततो, म्हणजे अंगावर पुरळ उठतं. म्हाताऱ्या म्हणायच्या, 'त्याला सोसत नाही.' उत्तर म्हणून हे अपुरं. निरीक्षण म्हणून मात्र चोख.

या निरीक्षणाला शास्त्राचा आधार मिळायला बराच काळ गेला. 1895 मध्ये योझेफ यादासोन यांनी संशयित पदार्थ कातडीला लावून पाहण्याची चाचणी मांडली. जपानी रसायनतज्ज्ञ रिको माजिमा यांनी लॅकरच्या झाडाच्या चिकातल्या दाहक द्रव्याची रचना उलगडली. बिब्ब्याचं तेल त्याच्याच कुळातलं. 1935 मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवलं, की असे लहान रेणू शरीरातल्या प्रथिनांना चिकटतात आणि मग शरीरच त्यांना परकं ठरवतं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर पुरळ उठलं, तेही नेमकं धोब्याने कपड्यावर बिब्ब्याने खूण केली होती तिथेच. दाट तेल कुणालाही पोळतं. पण अंगाने एकदा ओळख धरली, की पुढच्या खेपेला पुसटसा डागही पुरतो. आजींचं 'सोसत नाही' ते हेच.

फोड आणणाऱ्या सगळ्याच द्रव्यांचं असं नसतं. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर वापरलेल्या मस्टर्ड गॅसला असला भेदभाव ठाऊक नव्हता. तो पेशीतल्या डीएनएवरच घाव घालतो. स्पर्श झाला तेव्हा फारसं दुखत नाही. काही तासांनी डोळे लाल होतात, मग फोड येतात. शंभर वर्षांच्या संशोधनानंतरही त्यावर खात्रीचा उतारा नाही. दुखेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो, हा धडा मात्र त्यातून मिळाला आणि तो बिब्ब्यालाही लागू पडतो. उतणंही बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं, तेव्हा धुऊन उपयोग नसतो.

माझ्या मते, नांदेड-लातूरच्या शासकीय रुग्णालयांत त्वचेच्या आणि डोळ्यांच्या ओपीडीत 'बिब्बा हाताळता का?' हा प्रश्न ठरलेला असावा. विचारल्याशिवाय बिब्बे फोडणारी बाई सांगत नाही, कारण तिच्या लेखी तो त्रास आजार नसून कामाचा भाग असतो. आणि बिब्बे फोडणाऱ्यांनी एवढं करावं: साधा का होईना, चष्मा लावावा. हाताला तेल लागलं तर लगेच साबणाने धुवावं. डोळ्यात उडालं तर चुना, दूध, तूप काहीही न घालता निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी मारत राहावं आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.