पातीवरचं व्याख्यान

वडनेरची म्हणून ही गोष्ट सांगतो.

नागपूरहून हिंगणघाट ओलांडून हैदराबादेकडे जाणारा महामार्ग वडनेरवरून जातो. त्या गावातल्या एका वाचनालयात हिवाळ्यात व्याख्यानं होत. वाचनालयाचं सगळं पाहणारे मास्तर नोकरीतून निवृत्त झाले होते. त्यांचा आग्रह एकच होता. ऐकायला येणाऱ्याकडून पैसा घ्यायचा नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हे ते प्रत्येक वर्गणीदाराला सांगत आणि वर म्हणत, "पुण्याच्या लोकांना कान आहेत, तसे आपल्यालाही आहेत."

मंडपाचा आणि माईकचा खर्च गावातले एक व्यापारी उचलत. माणूस दिलदार होता, यात शंका नाही. पण खर्च उचलणाऱ्याचा सत्कार आलाच. मग सरपंचांचा, मग समितीच्या सभासदांचा. हार, श्रीफळ, शाल, प्रास्ताविक, परिचय. सात वाजताचा पाहुणा सव्वाआठला उभा राही, तोवर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत.

त्या वर्षी नागपूरहून एक लेखक आले. विषय होता विनोबांची गीता प्रवचने. विनोबांचा पवनारचा आश्रम आपल्याच जिल्ह्यात, म्हणून गर्दी होईल असं मास्तरांना वाटलं होतं. प्रत्यक्षात लेखक बोलायला उभे राहिले तेव्हा समोर अकरा माणसं होती, आणि मागे चपलांपाशी सतरंजीच्या कडेला एक म्हातारी.

लेखकांनी मात्र मन लावून सांगितलं. १९३२ साल. विनोबा धुळ्याच्या तुरुंगात. कैद्यांपुढे त्यांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायचं ठरवलं. २१ फेब्रुवारीला पहिला अध्याय, १९ जूनला अठरावा. अठरा रविवारांत एकही खंड नाही. बोलणारा पुढे कागद ठेवून बोलत नव्हता. ऐकणाऱ्या कैद्यांत अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी होते. ते भराभर लिहून घेत गेले, म्हणून ते बोलणं तुरुंगाच्या भिंतींबाहेर आलं, त्याचं पुस्तक झालं आणि पुढे देशातल्या कितीतरी भाषांत गेलं.

कार्यक्रम संपल्यावर समितीची बैठक बसली. व्यापारी म्हणाले, "मास्तर, फुकटच्या गोष्टीची माणसाला किंमत नसते. वीस रुपये तिकीट लावा. नाहीतर पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा ठेवू, निदान मंडप तरी भरेल." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मास्तर काही बोलले नाहीत. गावाला ऐकायची भूकच उरली नाही, असं त्यांनाही त्या रात्री वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी राहिलेली वर्गणी मागायला ते एका शेतावर गेले. कापसाची वेचणी चालू होती. वीस-पंचवीस बाया कमरेला ओट्या बांधून आपापली पात धरून पुढे सरकत होत्या. शेतमालक विहिरीकडे गेला होता, म्हणून मास्तर धुऱ्यावर थांबले. आणि त्यांच्या कानावर शब्द आले, "अठरा आयतवार, बाई. एकबी सोडला नाई."

कालचीच म्हातारी होती. बोंडातला कापूस ओढता ओढता ती कालचं सगळं व्याख्यान सांगत होती. मोठ्याने, म्हणजे पलीकडच्या पातीवरही ऐकू जावं अशा आवाजात. धुळ्याचं नाव तिने नाशिक केलं होतं, महिना चुकवला होता, पण लिहून घेणाऱ्या मास्तरची गोष्ट तिने नीट धरली होती. आणि बाया नुसत्या ऐकत नव्हत्या. एकीने विचारलं, "त्याले लिवाले सांगतलं कोणी?" दुसरी म्हणाली, "कोणी कायले सांगन? त्याले वाटलं, हे वाया नाई गेलं पायजे." तिसरीचा प्रश्न वेगळाच होता. तुरुंगातल्या बायाईलेही ऐकू देत होते का? यावर जी चर्चा पेटली, तशी मंडपात कधीच झाली नव्हती. मंडपात आभार मानले की लोक उठत.

मास्तर पुढे झाले. बाया गप्प झाल्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणीच का आला नाहीत काल? दार तर उघडंच होतं."

म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुमचं सुरू होते सातले. सातले या बाया चुलीपाशी असते. माही सून भाकरी थापते म्हणून माह्यानं येणं होते. बाकीच्याईनं काय कराव?"

गावोगाव फिरून, आधी रस्ता झाडून मग कीर्तनाला उभे राहणारे गाडगेबाबा याच विदर्भाच्या मातीतले. लोक जिथे असत तिथे ते जात, त्यांनाच प्रश्न विचारत आणि उत्तरंही त्यांच्याच तोंडून वदवून घेत. मास्तरांनी हे वर्गात मुलांना कितीदा सांगितलं होतं, ते आता त्यांना आठवलं.

लेखक त्या दिवशी दुपारच्या एसटीने परतणार होते. मास्तर त्यांच्या मुक्कामी गेले आणि म्हणाले, "बस एक दिवस उशिरा धरा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत निंबाच्या झाडाखाली व्याख्यान झालं. हार नव्हता, माईक नव्हता. व्यापाऱ्यांना मास्तरांनी मुद्दाम बोलावलं होतं. आपल्यासाठी खुर्ची नाही हे पाहून ते क्षणभर थबकले, मग धोतर सावरून बायांच्या मागे धुऱ्यावर बसले. लेखकांनी आधी म्हातारीलाच सांगायला लावलं आणि जिथे तिचं चुकलं तिथे हळूच दुरुस्त केलं. मग प्रश्न सुरू झाले. काहींची उत्तरं लेखकांपाशी होती. काहींना ते म्हणाले, "हे मला शोधावं लागेल, पत्राने कळवतो." बायांना त्याचं काही वाटलं नाही. एकीने कोणाला पत्र येणार, तेवढं पक्कं करून घेतलं.

परत येताना व्यापारी बराच वेळ बोलले नाहीत. वेशीपाशी म्हणाले, "मंडपाचे पैसे वाचले, मास्तर. त्यात चार वक्ते जास्त येतील. आणि तिकिटाचं मी बोललो, ते लिहिलं असेल तर खोडून टाका."

मास्तरांनी पुढची तारीख तिथेच ठरवली. विषय बायांना विचारायचा, हेही ठरलं. संध्याकाळी म्हातारीचा निरोप आला, विषयाचा नव्हे, वेळेचा. पुढच्या खेपेला पाहुण्याले एक वाजताच उभं करा. दोनले मुकादम हाका मारते आणि प्रश्न अर्धे राहून जातात.