पाच वर्षांचा दाखला

मोहोळ गावात पुणे-सोलापूर रस्त्यालगत माझे वेल्डिंगचे आणि लेथचे लहानसे वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नांगराचे फाळ, लोखंडी दारे असे सटरफटर काम वर्षभर चालते. गाळप हंगाम सरला की साखर कारखान्यांची दुरुस्ती निघते आणि ठेकेदारामार्फत आमची मुले बॉयलरच्या नळ्या व रसाच्या टाक्या जोडावयास जातात. या तीस-पस्तीस वर्षांत माझ्या हाताखालून कितीतरी मुले शिकून गेली. कोणी चाकणला गेली, कोणी पुण्याला, काही आखातात. जाताना प्रत्येकाने माझ्याकडून एक कागद नेला. या लेखाचा विषय तो कागद आहे.

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला आणि आमच्या तालुक्यातील नदीकाठच्या शेतांतून पिकांबरोबर मातीही वाहून गेली. त्यानंतर काही आठवड्यांनी एक बाई आपल्या मुलाला घेऊन वर्कशॉपमध्ये आली. मुलगा परका नव्हता. आयटीआयचा वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम संपवून त्याने माझ्याकडे सव्वादोन वर्षे काम केले होते. हात स्थिर, नजर चांगली, आणि चूक झाली तर लपविण्याची सवय नाही. आखातात एका कामासाठी त्याचे नाव लागत होते. मात्र दलालाने अट घातली होती की पाच वर्षांच्या अनुभवाचा दाखला हवा. बाकी सारे आपण पाहून घेऊ, असेही तो म्हणाला होता.

मी काही बोललो नाही. तेव्हा ती बाई म्हणाली, “भाऊ, पोराचा हात तुमास्नी ठावं हाय. वावरात आता निस्तं गोटं ऱ्हायल्यात. तीन वर्सं जास्त लिवली तर कुनाचं काय जातंय? आन् पाप लागलंच, तर ते मला लागू द्या.”

दोन दिवसांनी या, असे सांगून मी त्यांना परत पाठविले. परंतु तिचे शेवटचे वाक्य जाईना. ते मी पूर्वी कोठेतरी ऐकले होते. रात्री उत्पत्तीच्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढला आणि ते सापडले. वृद्ध, अंध इसहाकाकडून थोरल्या एसावाचा आशीर्वाद धाकट्या याकोबाने मिळवावा, असा रिबेकेचा बेत आहे. याकोब कचरतो, फसवणूक उघड झाली तर शाप पदरी पडेल, असे म्हणतो. तेव्हा आई सांगते की तुझ्यावरचा शाप माझ्यावर येवो. मग ती करडांची कातडी त्याच्या हातांना आणि मानेला गुंडाळते. इसहाकाला आवाज ओळखीचा वाटतो, पण हात चाचपून पाहिल्यावर त्याचा संशय फिटतो.

हा प्रसंग मी लहानपणापासून दोन भावांच्या वारसाहक्काची गोष्ट म्हणून ऐकत आलो. त्या रात्री मला तो अनुभवाच्या दाखल्याचा वाटला. दूरदेशीचा मालक इसहाकासारखा आंधळा असतो. त्याला आमचे मोहोळ दिसत नाही, माझे वर्कशॉप दिसत नाही, मुलाने घातलेला जोड दिसत नाही. तो केवळ हात चाचपून पाहतो, आणि त्याच्या बोटांखाली येतो तो मी लिहिलेला कागद. कागदावर तीन वर्षे जास्त लिहिणे म्हणजे मुलाच्या हाताला करडाचे कातडे बांधणे होय.

येथवर विचार सोपा होता. मला तेथेच थांबता आले नाही, याचे कारण १९९६ साली मी एकदा ते कातडे बांधले आहे.

तेव्हाही असाच एक मुलगा होता. तो फिटर होता, अनुभव दोन वर्षांचा, घरी बहिणीचे लग्न ठरलेले. मी विनातक्रार पाच वर्षे लिहिली. एवढेच नव्हे, तर वजन यावे म्हणून भारी यंत्रे उचलण्याचे, म्हणजे ज्याला आमच्या धंद्यात खलाशीकाम म्हणतात त्याचे, ज्ञान आहे असे एक वाक्यही आपखुशीने जोडले. मुलगा गेला, पैसे पाठवू लागला, बहिणीचे लग्न झाले. माझी सही म्हणजे एक सत्कृत्यच, असे मी मानून चाललो होतो. दोन वर्षांनी तो रजेवर आला तेव्हा त्याने सांगितले की तेथील फोरमनने कागद पाहून त्याला क्रेनच्या कामावर उभे केले. नाही म्हणण्याची सोय नव्हती, कारण कागदावर होय लिहिलेले होते. त्याने बांधलेल्या स्लिंगमधून पाइपांचा भारा घसरला आणि खाली उभ्या असलेल्या एका हेल्परचा पाय चेंगरला. तो हेल्पर बिहारचा होता. मुलाने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाला, “काका, दाखल्यात ते वाक्य नसतं तर बरं झालं असतं.”

त्या हेल्परचे नाव मला ठाऊक नाही, आणि त्यालाही माझे नाव कधी कळले नसेल. खोट्या दाखल्याविषयी आपण बोलतो तेव्हा तो व्यवहार दोघांतला धरतो. एकीकडे गरीब उमेदवार, दुसरीकडे श्रीमंत कंपनी; मग दया आपोआप गरिबाच्या बाजूला झुकते. भाऱ्याखाली उभा असलेला तिसरा माणूस या हिशेबात कोणी धरत नाही. संत ऑगस्टिन यांनी इ. स. ३९५च्या सुमारास असत्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि कोणत्याही कारणास्तव असत्य क्षम्य नाही, अशी कठोर भूमिका घेतली. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी उपकारार्थ बोललेले असत्य हे अपायासाठी बोललेल्या असत्यापेक्षा हलके धरले. पाप दोन्ही, पण भार निराळा. तरुणपणी मला थॉमस अधिक जवळचे वाटत. आता प्रश्न पडतो की माझे १९९६चे वाक्य कोणत्या रकान्यात घालावे? ते एकावर उपकार करण्यासाठी लिहिले होते आणि अपाय दुसऱ्याला झाला.

तरीसुद्धा त्या बाईचा प्रश्न खोटा ठरत नाही. वेल्डरची परीक्षा खरे तर वर्षांवर नसते. पाइप ४५ अंशांत तिरका, पक्का बांधून ठेवतात. तो फिरवायचा नाही, आपण त्याच्याभोवती फिरून जोड पूर्ण करायचा. मग तो जोड वाकवून किंवा क्ष-किरणाने तपासतात. अमेरिकी यंत्र-अभियंत्यांच्या संहितेनुसार तर सहा महिने त्या पद्धतीचे काम केले नाही, तर उत्तीर्ण वेल्डरची पात्रताही संपुष्टात येते. म्हणजे हाताचे खरेखोटे हातच सांगतो. मग पाच वर्षे कशासाठी? अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, असे हे दार आहे. अशा दारातून खोटे बोलून आत शिरलेल्या कर्णाची गोष्ट आपल्या शेजारपाजारच्या घरांत सर्वांना पाठ आहे. परशुरामापुढे त्याने आपली ओळख खोटी सांगितली, विद्या मिळविली, आणि ऐन गरजेच्या वेळी ती आठवणार नाही असा शाप घेऊन परतला. ही कथा ऐकताना आपली सहानुभूती कर्णाकडे असते, आणि ती असावीच. दार अन्यायाने बंद होते.

पण वर्षांचे आकडे अगदीच निरर्थक नाहीत, हे मला माझ्याच धंद्याने शिकविले. हात दोन वर्षांत तयार होतो. नळीत पाणी राहिले असताना जोड घातला तर काय होते, रिकाम्या दिसणाऱ्या डिझेलच्या टाकीला ठिणगी लागली तर काय होते, हे मात्र दुसऱ्याच्या जबाबदारीखाली चार हंगाम काढल्यावरच कळते. अनुभव म्हणजे बव्हंशी आपण पाहिलेल्या चुकांची यादी. ती मी सहीने देऊ शकत नाही.

दुसऱ्या बाजूचे खोटे किती मोठे आहे, हेही सांगितले पाहिजे. १९८३च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांप्रमाणे नोंदणीकृत दलालाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. या मुलाकडे दीड लाख मागितले होते. दहावी उत्तीर्ण झालेल्याच्या पारपत्रावर उत्प्रवास-तपासणीची अट राहत नाही, याला आपण सन्मान समजतो. परंतु त्यामुळे त्याचा करार सरकारी नजरेखालून जात नाही, हे फार थोड्या आईबापांना ठाऊक असते. तेथे पोचल्यावर हाती दुसराच करार पडतो आणि पगार कमी झालेला असतो. याकोबाचेही तेच झाले. आशीर्वाद घेऊन तो हारानला मामाकडे गेला, मेंढपाळीत त्याच्यासारखा निष्णात कोणी नव्हता, आणि लाबानाने त्याचे वेतन दहा वेळा बदलले, अशी त्याची तक्रार शास्त्रात नोंदलेली आहे. ज्याने अंधारात बापाला फसविले, त्याच्या गळ्यात लाबानाने अंधारातच दुसरी वधू बांधली.

तरी आशीर्वाद मागे घेतला गेला नाही, हे मान्य केले पाहिजे. शास्त्र येथे आपल्या सोयीचे बोलत नाही. याकोबाची भरभराट झाली. मात्र आई त्याला म्हणाली होती की थोडे दिवस तेथे राहा, मग मी बोलावून घेईन. ती वीस वर्षे झाली, आणि मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख कोठेही नाही. शाप माझ्यावर येवो असे म्हणणाऱ्या रिबेकेविषयी मी यापेक्षा अधिक काही लिहू शकत नाही.

मुलाने जाऊ नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. सोलापूर शहर तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या कसबावर उभे राहिले. त्यांना कोणी कागद विचारला नाही, मागावर बसविले आणि पाहिले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमाविषयीच्या १९८१च्या परिपत्रकात कामासाठी देश सोडण्याचा मनुष्याचा हक्क स्पष्टपणे मान्य केला, आणि त्याच वेळी माणूस गेल्याने मायदेशाची हानी होते हेही लपविले नाही. सीनेने ज्याची माती नेली त्याला ‘येथेच राहा’ असे सांगण्याचा अधिकार, रस्त्यालगत पक्के छप्पर असलेल्या मला तरी नाही.

मला मार्ग सुचला तो अनपेक्षित ठिकाणाहून. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला, तेव्हा आमच्या वर्कशॉपमध्येही काही दिवस जर्मनीशिवाय दुसरा विषय नव्हता. त्या निमित्ताने मी थोडे वाचन केले. त्या देशात शिकाऊपण संपविलेल्या सुतार-गवंड्यांनी तीन वर्षे आणि एक दिवस गावापासून दूर हिंडून काम करावे, अशी जुनी चाल आहे. एके काळी त्यांच्याजवळ एक वही असे आणि प्रत्येक गावचा उस्ताद तीत आपली नोंद करी. आजही तेथे नोकरी सोडणाऱ्याला लेखी दाखला मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि न्यायालयांनी त्याला दोन कसोट्या लावल्या आहेत: दाखला खरा असावा आणि सदिच्छेचा असावा. (या दुसऱ्या कसोटीमुळे तेथील मालक गोड शब्दांत कडू अर्थ लपवू लागले म्हणतात. माणूस सगळीकडे सारखाच.) मला मात्र त्या दोन शब्दांनी पकडले. मी आजवर दाखले लिहिले ते एकतर खरे आणि कोरडे, तीन ओळींचे; नाहीतर सदिच्छेचे आणि खोटे. दोन्ही एकत्र लिहिण्याचे कष्ट मी कधी घेतलेच नव्हते.

दोन दिवसांनी मायलेक आले. मी दोन पाने लिहून ठेवली होती. काम केले ते दोन वर्षे तीन महिने. कोणत्या जाडीचे पत्रे, किती इंची पाइप, कोणत्या स्थितीत जोडले. साखर कारखान्याच्या दोन दुरुस्ती-हंगामांत काय केले. एकदा स्वतःच्या जोडातला दोष स्वतः दाखवून तो पुन्हा केला, तो प्रसंग. शेवटी एक ओळ: क्रेनखाली भार बांधण्याचे काम याने केलेले नाही, ते देण्यापूर्वी शिकवावे. तिरक्या पाइपची परीक्षा तो मुंबईत देणार असेल तर तिचे शुल्क मी भरीन आणि तोवर पूर्ण मजुरीवर माझ्याकडे सराव करावा, असेही मी सांगितले.

बाईने विचारले, “यात पाच लिवलंय का?” मी नाही म्हणालो. ती उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही; बाजारात दिसली तर पदर सावरून पलीकडच्या बाजूने जाते. मुलाने कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आला. चार महिने तो रोज संध्याकाळी तिरक्या पाइपभोवती फिरत होता. त्याचे जोड आता माझ्याहून चांगले येतात.

मागच्या आठवड्यात दुकान बंद करताना त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, “काका, तिकडं खलाशाचं काम सांगितलं, तर स्लिंग कसा बांधायचा असतो?”

दुसऱ्या कोणी त्याला पाच वर्षे लिहून दिली आहेत काय, हे मी विचारले नाही. शटर पुन्हा वर केले, चेन-पुली खाली घेतली, आणि भाऱ्याचा मध्य कसा शोधावा येथपासून त्याला दाखवू लागलो.