दुकान आणि बालोद्यान

आमच्या पेठेत बालोद्यानासमोर दारूचे दुकान निघणार असे कळताच काही गृहस्थांनी हरकतीचा अर्ज लिहिला. तेव्हा एका सुविद्य स्नेह्यांनी विचारले, "प्रौढाने काय प्यावे हे ठरविणारे तुम्ही कोण?" प्रश्न टाकाऊ नव्हे. जॉन स्टुअर्ट मिल याने 'ऑन लिबर्टी' (१८५९) या ग्रंथात हाच पक्ष घेतला आहे. केवळ मोह टळावा म्हणून मद्यगृहांची संख्या कमी करणे म्हणजे प्रौढांस बालकांप्रमाणे वागविणे होय, असे त्याचे म्हणणे. परंतु आपले तत्त्व बालकांस लागू नाही, हेही त्याच ग्रंथाच्या आरंभी त्याने स्पष्ट सांगितले आहे. आमचा वाद प्रौढाच्या पेल्याशी नाही. दुकानाच्या जागेशी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली महामार्गापासून ५०० मीटरांच्या आत दारूचे दुकान नसावे, एवढेच नव्हे, तर ते महामार्गावरून दृष्टीसही पडू नये, असा निर्णय दिला. २०१७ साली त्यात सवलती मिळाल्या, ही गोष्ट निराळी. वाहन हाकणाऱ्या प्रौढाच्या दृष्टीची जर एवढी चिंता, तर झोपाळ्यावरील मुलाच्या दृष्टीची किती असावी! मूल उपदेशाने थोडे शिकते. नित्य जे दिसते तेच त्यास जगाची रीत वाटते.

त्या अर्जावर मी सही केली. मात्र सही करणाऱ्या प्रत्येकाने आणखी एक अंतर मोजावे: आपल्या घरातील कपाटापासून आपल्या मुलाच्या अभ्यासाच्या मेजापर्यंतचे.