कॉलेजातील मूल आणि आईबापांचे कर्तव्य

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली. मुलांना विद्या, कला शिकविणे हे त्यांपैकी एक. पण कोणती विद्या, हे त्यांनी ठरवून दिले नाही.

मुलगी विज्ञान सोडून पाली शिकू म्हणाली, की घरात रडारड होते. कुणी गुपचूप पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जातो. दीक्षा घेतलेल्या घरात पत्रिकेचे काय काम?

केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी शिकविले, की केवळ परंपरा किंवा गुरुवचन म्हणून काही मानू नका, स्वतः पारखा. हाच न्याय लेकरांना लावा. ‘हे का आवडते? पोट कसे भरशील?’ असे शांतपणे विचारा. फी किती झेपेल, तेही मोकळेपणाने सांगा. मग निर्णय तिला घेऊ द्या, आणि पाठीशी उभे राहा.

जयभीम!