काचेतल्या लेकरांसाठी

पांडुरंगा, ही मुलगी ३४व्या आठवड्यातच जगात आली. श्वास सोडताना कण्हते आहे, नाकपुड्या फुलताहेत, दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडतो आहे. बाहेर बाकावर बसलेली तिची आजी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला विचारते, "काचेत ठेवलेलं आमचं लेकरू बरं हाय ना?" तिला खरं उत्तर देता येईल एवढं मला दिसू दे.

जेल तळहातावर कोमट केलं आहे. सोनोग्राफीचा प्रोब तिच्या छातीवर टेकवताना हात जड पडू देऊ नकोस. सोनोग्राफीचा ध्वनी हवेतून आरपार जात नाही, म्हणून तिने फुप्फुसं तपासता येत नाहीत असंच वर्षानुवर्षं मानलं गेलं. पण हवेवर आपटून परतणारा तोच ध्वनी पडद्यावर रेषा उमटवतो, आणि त्या रेषांवरून आतली गोष्ट कळते. केवढी ही तुझी किमया! आडव्या रेषा, म्हणजे हवा खेळते आहे. उभ्या पांढऱ्या रेषा दाटल्या, म्हणजे पाणी आहे. वर काळं आणि खाली पांढरं असेल तर बहुधा गर्भातलं पाणी शोषलं जायचं राहिलंय. दोन-तीन दिवसांत बाळ सावरेल, तोवर मला धीर दे. दोन्ही बाजू पांढऱ्याफटक आणि फुप्फुसावरची रेघ जाड, खडबडीत दिसली, तर फुप्फुसं मिटू न देणारं सर्फॅक्टंट द्यायला मला क्षणभरही रेंगाळू देऊ नकोस. ती रेघ श्वासाबरोबर सरकेनाशी झाली, तर फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची शंका वेळेत येऊ दे.

छातीवरच्या सहा जागा, प्रत्येकीला ० ते ३ गुण, बेरीज १८ पर्यंत. बेरीज कमी, म्हणजे फुप्फुसं बरी, असं पडदा म्हणत असला तरी लेकरू दमत असेल, तर माझी नजर पडद्यावरून त्याच्याकडे वळव.

ऑगस्ट १९६३मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचं बाळ सर्फॅक्टंट कमी पडण्याच्या दुखण्याने ३९ तासांत गेलं. ही उणीव डॉक्टर मेरी एलेन एव्हरींनी १९५९मध्येच ओळखली होती. बाळांना ते देऊन दाखवलं जपानच्या डॉक्टर फुजिवारांनी, १९८०मध्ये. आज त्याची बाटली आमच्या फ्रिजमध्ये आहे. ऊसतोड मजुराच्या या लेकीला ती मिळू शकते, याबद्दल तुझे उपकार कसे फेडू?

आणि देवा, याच यंत्राने आम्ही मुली पोटातच हेरल्या आणि मारल्या. महाराष्ट्राला १९८८मध्ये आणि देशाला १९९४मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. यंत्राची नोंदणी, कागदपत्रं यांचा जाच वाटला, की त्या मुली मला आठवू देत. त्यांची क्षमा कोणत्या तोंडाने मागू? ज्या यंत्राने त्यांचा घात केला, त्याच यंत्राने या मुलीचा श्वास राखू दे.

अक्कलकुव्याला, जव्हारला, भामरागडला रात्री एकट्याने ड्युटी करणाऱ्या डॉक्टरच्या हातीही हा प्रोब दे, आणि या रेषा वाचायला शिकवणारं कुणीतरी त्याच्या शेजारी उभं कर.