चूक कळल्यानंतरचं सत्य



आजचा श्लोक गीतेच्या १७ व्या अध्यायातला १५ वा. वाणीचं तप म्हणजे काय, ते भगवंत इथे सांगतात. बोलणं दुसऱ्याला उद्विग्न न करणारं, खरं, गोड आणि हिताचं असावं, शिवाय स्वाध्यायाचा सराव असावा. आपण बहुतेक वेळा यातलं ‘गोड’ उचलतो आणि पुढे जातो. मला आज ‘खरं’ या शब्दापाशी थोडं थांबायचंय. एखादी गोष्ट आपण खरी मानून, चांगल्या हेतूने, चार लोकांत बोललो आणि ती नंतर चुकीची निघाली, तर काय? तेव्हा आपण खोटं बोललो होतो का?

एक खरी घडलेली गोष्ट बघू. अमेरिकेत ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ नावाचं मासिक आहे. १९३६ पासून चालू आहे, जाहिराती घेत नाही, वस्तू स्वतः विकत आणून तपासतं. त्यामुळे लोकांचा त्यावर भारी विश्वास. जानेवारी २००७ च्या सुरुवातीला त्यांनी तान्ह्या बाळांच्या कार-सीटबद्दल अहवाल काढला. १२ सीट तपासल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक नापास. समोरून ताशी ३५ मैल आणि बाजूने ३८ मैल वेगाच्या धडकेत काही सीट बेसपासून सुटल्या, असं त्यात म्हटलं होतं. घरात लहान बाळ असेल तर असं वाचून पोटात गोळाच येणार.

मग तिथल्या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेने आकडे तपासले. बाजूच्या धडकेची चाचणी ३८ मैलांची नव्हतीच. ती ७० मैलांहून जास्त वेगाच्या धडकेइतकी जोरदार झाली होती. (माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही म्हणून सांगतो, धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे दणका दुपटीचा नाही, तिपटीहून जास्त झाला.) सांगितलेल्या वेगाने त्याच सीट पुन्हा तपासल्या, तेव्हा त्या बेसमध्ये टिकून राहिल्या. सीट मजबूत होत्या, चाचणी चुकली होती. १८ जानेवारीला, म्हणजे साधारण दोन आठवड्यांत, मासिकाने तो अहवाल जाहीरपणे मागे घेतला.

मला वाटतं, जानेवारीच्या सुरुवातीला ते खोटं बोलले नव्हते. जे दिसलं ते सांगितलं. चुकीचं आणि खोटं यात फरक आहे. पण खरे आकडे समोर आल्यावर तोच अहवाल एक दिवस जरी तसाच ठेवला असता, तर त्यातला शब्दही न बदलता तो खोटा झाला असता. सत्य बोलून झालं की काम संपलं, असं नसतं. बोललेल्या वाक्यावर नंतरही लक्ष ठेवावं लागतं. कदाचित म्हणूनच भगवंत त्याला तप म्हणतात. एकदाच करून मोकळं होता येईल अशी ती गोष्टच नाही.

आता ‘हित’ बघा. आपल्याला वाटतं, जाहीर कबुली म्हणजे ज्या कंपनीची बदनामी झाली तिची भरपाई. तीही आहेच. पण त्याआधी येतात ते आई-बाबा, ज्यांनी अहवाल वाचून सीट काढून माळ्यावर टाकली असेल आणि बाळाला मांडीवर घेऊन गाडीत बसले असतील. मागे घेताना मासिकाने हेही सांगितलं की कुठलीही सीट ही सीट नसण्यापेक्षा बरी, ती वापरत राहा. कबुली आधी त्यांच्याकडे पोचायला हवी जे आपल्या बोलण्यावर विसंबून काहीतरी करून बसलेत. आणि तक्रार जितक्या मोठ्याने केली, तितक्याच मोठ्याने.

इथे मला हमखास धर्मराज आठवतो. ‘नरो वा कुंजरो वा’ आपण रोजच्या बोलण्यात वापरतो, पण त्या प्रसंगातला आवाज विसरतो. अश्वत्थामा मेला हे युधिष्ठिर स्पष्ट बोलला, आणि हत्ती हा शब्द पुटपुटला. शब्दांचा हिशोब केला तर खोटं काहीच नाही. पहिल्या पानावर तक्रार आणि आतल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुरुस्ती, हे त्याच जातीचं. द्रोणाचार्यांपर्यंत पोचायचं तेवढंच पोचलं.

अजून एक मोह आहे, आणि आपल्यासारख्या ‘चांगल्या कामात’ असलेल्यांना तोच जास्त छळतो. त्या काळी अमेरिकेच्या नियमात बाळांच्या सीटसाठी बाजूच्या धडकेची चाचणीच नव्हती. तो नियम पक्का झाला २०२२ मध्ये, म्हणजे १५ वर्षांनी. म्हणजे मासिकाची काळजी अगदी रास्त होती. अशा वेळी किती सहज म्हणता आलं असतं, आकडा चुकला असेल, पण मुद्दा बरोबरच आहे ना! आपण असं म्हणतो. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेली बातमी खोटी निघाली की म्हणतो, ‘ही नसेल खरी, पण असं घडतंच की.’ रास्त काळजी हा त्या सीटविरुद्धचा पुरावा नव्हता. ज्या सीटना नापास म्हटलं, त्यांच्याबद्दलचं वाक्य वेगळं मागे घ्यावंच लागतं.

मार्च २००७ मध्ये त्यांनी चाचणी नेमकी कुठे आणि कशी चुकली, तेही छापलं. आमच्याकडे बगचं टिकीट चुकीचं निघालं की नुसतं बंद करत नाहीत, कारण लिहावं लागतं, नाहीतर पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडतो. नुसतं ‘क्षमस्व’ म्हणण्यात स्वतःची सुटका होते, वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

ज्ञानेश्वरीत या श्लोकावर माउली परिसाचा दाखला देतात. लोखंडाला न तोडता, वजनात फरक न करता परीस त्याचं सोनं करतो, तसं कुणाला न दुखवता सुख देणारं बोलणं. मला प्रश्न पडायचा, चूक कबूल करताना तर दुखतंच, मग हे कसं जमायचं? पण दुखतं ते बोलणाऱ्याला. ऐकणाऱ्याला नाही.

आणि युधिष्ठिराचं म्हणाल, तर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या दिवशी खाली टेकला. त्याचा पक्ष धर्माचाच होता.

उद्या १६ वा श्लोक, मनाचं तप. तोपर्यंत राम कृष्ण हरी.