वाचलेली भाकरी कोणाची?



वजन उतरावे म्हणून गेल्या वर्षी मी एकभुक्त राहू लागलो. लातूरला अध्यापन केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोनदाच जेवण्याची पद्धत घरोघरी पोहोचवली. मी त्याही पुढे गेलो. अणदूरजवळच्या एका वस्तीवर ऊसतोडीहून परतलेल्या मावशींनी भाकरी पुढे केली. मी म्हणालो, "मी एकदाच जेवतो." त्या सहज बोलल्या, "आमचंबी तसंच असतंय, फादर."

मी निरुत्तर झालो. अर्धी भाकरी त्यांच्यासोबत खाल्ली.

राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी ख्रिस्तसभाही एकच पूर्ण जेवण सांगते. उपासमार, पथ्य, उपवास : ताट एकच, मग फरक कोठे? संत थोमास अक्वायनस शिकवतात की, कृतीचे मोल हेतूनेही ठरते. मावशींना निवडच नाही. म्हणून तो उपवास नव्हे, ते आपल्यावरचे ऋण आहे. पथ्य हे पाप नाही. शरीर देवाचे दान आहे, त्याची निगा कर्तव्यच. (मधुमेहींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.) पण पथ्यात वाचलेली भाकरी माझ्याच घरात राहते, खऱ्या उपवासात ती दुसऱ्याच्या ताटात जाते.

म्हणून वजनकाट्यावर उभे राहताना स्वतःला विचारू या : माझे उतरलेले वजन कोणाच्या अंगी लागले?